आक्कांचा कुत्रा आणि सारवलेली भुई

सन १९७१, दिवाळीनंतरचा दुसरा सोमवार, सकाळचे सव्वासात. ठिकाण: तिसगावपासून दोन कोसांवरचं आमचं गाव, आमच्या भाड्याच्या घरापुढचं अंगण. हजर: मी, माझे यजमान, यजमानांची थोरली बहीण म्हणजे आक्का, शेजारच्या दारातल्या घरमालकीणबाई, आणि आक्कांचा कुत्रा. गैरहजर: घरमालक. ते रानात धारा काढायला गेले होते आणि एका अर्थी ते बरंच झालं.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. कुठलीही गोष्ट सुरू करायची तर आधी हजेरी घ्यायची ही सवय लागलेली. संपलेल्या हजेरीपत्रकांची कोरी पानं मी फाडून शिवून ठेवते आणि त्यांच्या वह्या करते. किराणा, औषधं, कुणाला काय द्यायचंय, कुणाकडून कुठली चाळणी आणायची राहिली आहे, सगळं त्यात. त्या सोमवारची नोंद अशाच एका वहीच्या पहिल्या पानावर आहे, म्हणून वेळ एवढी नेमकी सांगता येते.

घडलं ते असं. घरमालकीणबाईंनी नेहमीप्रमाणे पहाटे अंगणात शेणसडा घातला होता आणि त्यावर कासवाची रांगोळी काढली होती. आक्कांचा कुत्रा ओसरीवरून उतरला, सडा हुंगत हुंगत रांगोळीपर्यंत गेला, दोन गिरक्या घेतल्या आणि बरोबर कासवाच्या पाठीवर बसून मोकळा झाला. मग मागच्या पायांनी चार वेळा माती उडवली. कासव गेलं.

घरमालकीणबाई भांडखोर नव्हत्या. आमचं त्यांचं आठ वर्षांत एकदाही वाजलं नव्हतं. पण त्यांच्या थोरल्या मुलीचा साखरपुडा मार्गशीर्षात ठरला होता. व्याही नेवाशाकडचे, घरात सगळे माळकरी, आणि कार्यक्रम ह्याच अंगणात व्हायचा होता. त्या रांगोळीकडे बघत उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, आज माझ्यापुढं झालं, मी सोशीन. त्या दिवशी पावण्यांपुढं असं झालं तर माझ्या पोरीनं काय करावं? साखरपुड्याच्या आत त्याला शिकवा, न्हाईतर कुठंतरी पोचवा."

त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मी मान हलवली. आक्का ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. तासाभरानं मी शाळेत जायला निघाले तर दाराजवळच्या खुंटीला त्यांचं गाठोडं बांधून अडकवलेलं. विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "त्यो गेला तर मी बी गेले. बांधून ठिवलं म्हंजी ऐनवेळी मालकीणबाईची खोटी व्हायला नको."

हे गाठोडं म्हणजे नुसता रुसवा नव्हता. आक्का विधवा, मूलबाळ नाही, आणि दोन वर्षं त्या वस्तीवर एकट्या राहत होत्या. सोबत हा कुत्रा, एक गाय आणि शेजारची वस्ती हाकेच्या पलीकडे. त्या वर्षी यजमान भाऊबीजेला गेले तेव्हा आक्कांनी त्यांना डाव्या हातानं ओवाळलं. उजवा मनगटात मोडला होता. विहिरीच्या पायऱ्यांवर घसरून पडल्या होत्या, आणि आठ दिवस हळदीचा लेप लावून कुणाला सांगितलंही नव्हतं. यजमानांनी त्यांना नगरला नेऊन हात प्लास्टरात घातला आणि मग आमच्या घरी आणलं. गाय शेजारच्यांकडे दिली. आक्कांनी यायला एकच अट घातली होती, ती म्हणजे कुत्रा. मोडक्या हाताची बाई त्या विहिरीवर परत एकटी गेली तर काय होईल, हे यजमानांना आणि मला न बोलता कळत होतं. तेव्हा शिकवायचं होतं कुत्र्याला, पण राहायचं होतं आक्कांनी.

कुत्रा सहा-सात वर्षांचा असेल. तांबूस, एक कान फाटलेला, शेपूट झुपकेदार. त्याला नाव नव्हतं. आक्का त्याला 'गड्या' म्हणत, जसं रानातल्या कामाच्या माणसाला म्हणतात. त्याच्या तोंडावरही तसाच भाव असायचा, आपली पाळी संपली की भाकरी मिळणार, तोवर उगीच बोलायचं नाही.

माझी मुलं त्या सुमारास नगरला शिकायला होती. घरात आम्ही तिघं. मी ठरवलं की हे काम शाळेतल्या कामासारखं करायचं. पहिल्या इयत्तेत दरवर्षी पाच-सहा मुलं अशी येतातच की ज्यांना करंगळी वर करायची माहीत नसते, आणि दिवाळीपर्यंत ती सगळी शिकतात. कुत्रा तर त्यांच्याहून वयानं मोठा. मी वहीत रकाने आखले: वार, वेळ, जागा, एकी की दुकी, आणि आधी काय खाल्लं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. गावात कुत्रं प्रत्येकाच्या दारात असतं, पण घरात कुणाच्याच नसतं, त्यामुळे अनुभव कुणालाच नव्हता आणि मत प्रत्येकाला होतं. कुणी म्हणालं नाक घासा त्यात. कुणी म्हणालं मिरचीची धुरी द्या. गुरांच्या दवाखान्यात मी मुद्दाम जाऊन आले. तिथले कंपाउंडर म्हणाले की त्यांच्याकडे आजवर कुत्र्याची ही तक्रार घेऊन कुणी आलेलं नाही, बैल असता तर काहीतरी सांगितलं असतं. नाक घासायचं आक्कांनी साफ नाकारलं. मी एकदा वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला मारली. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सुरळी केली नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत नोंदी वाढतच गेल्या. माजघरात दोनदा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एकदा, तुळशीपाशी, आणि मग घराबाहेर. यजमान गावातलं टपालाचं काम बघायचे. आमच्या आळीच्या टोकाला एका खोलीत टपालकचेरी होती, पुढं सारवलेला ओटा, त्यावर मनीऑर्डरीची वाट बघत म्हातारी माणसं बसलेली. गड्या यजमानांच्या मागे गेला आणि ओट्यावर, टपालपेटीच्या खाली, सगळ्यांच्या देखत बसला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पोस्टमास्तरांच्या कुत्र्यानं बिनतिकिटाचं टपाल टाकलं. यजमान स्वतःच हसत हसत सांगत घरी आले. आक्का हसल्या नाहीत. गाठोड्याकडे बघितलं फक्त.

त्यानंतर मी एक पिशवी तयार केली आणि ती गड्या जिथं जाईल तिथं न्यायचा नियम केला. तीत चुलीतल्या चाळलेल्या राखेचा डबा, पत्र्याचा एक तुकडा, जुन्या पातळाचं फडकं, वर्तमानपत्र आणि पाण्याची बाटली. चारचौघांत असं झालं की काय करायचं हेही मी अनुभवानं ठरवलं. ओरडायचं नाही, कारण ओरडलं की न बघणारेही बघतात. कुत्र्याला ओढायचं नाही, नाहीतर एका जागेचं काम चार जागी होतं. आधी राख टाकायची, मग पत्र्यानं उचलायचं, मग पुसायचं, आणि माफी अगदी शेवटी मागायची. जागा साफ झाल्यावर मागितलेली माफी माणसं लवकर देतात. घाण समोर असताना मागितली तर भांडण होतं. हे मी दोन्ही प्रकारे करून बघितलंय.

घरात मात्र मी आणखी एक काम करत होते आणि तीच आमची चूक होती, पण ती मला दिसत नव्हती. घरात अशी घाण झाली की आमच्याकडे नुसतं पुसून भागत नाही. ती जागा शुद्ध करावी लागते. घरमालकांची गुरं रानात बांधलेली, पण रोज सकाळी शेणाची पाटी घरी यायची. मी त्यातलं ताजं शेण घेऊन ती जागा सारवून टाकायची, वर थोडं गोमूत्र शिंपडायची. घरमालकीणबाईही अंगणात तेच करायच्या, अगदी मन लावून, दुहेरी हात मारून. आणि दुसऱ्या दिवशी गड्या पुन्हा तिथंच.

हे माझ्या ध्यानात आलं ते शाळेत, आणि तेही साहेबांमुळे.

शनिवार होता. सकाळची शाळा. आमच्याकडे दर शनिवारी चौथीच्या मुली प्रार्थनेआधी वर्ग सारवतात, मग सुकेपर्यंत बाहेर कवायत होते. त्या दिवशी तपासणीचे साहेब न सांगता आले. आक्कांचा हात त्याच सकाळी दवाखान्यात दाखवायचा होता, म्हणून शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर जायला त्या आधीच येऊन वर्गाच्या दाराशी टेकल्या होत्या. गड्या त्यांच्या पायाशी. साहेबांनी एका मुलीला सतराचा पाढा विचारला. ती सतरा सक्कं बेदोत्तरशेपर्यंत आली आणि थांबली, कारण गड्या उठून आत आला होता. तो दोन रांगांच्या मधून शांतपणे फळ्यापर्यंत गेला, भुई हुंगली, गिरकी घेतली आणि साहेबांच्या खुर्चीपासून चार हातांवर बसला.

पन्नास मुलं हसायची थांबली ती केवळ साहेबांच्या चष्म्यामुळे. मी पिशवी उघडली. राख, पत्रा, फडकं. साहेब बघत होते. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, हे रोजचं आहे का?"

मी म्हणाले, "नाही साहेब, फक्त शनिवारी."

तोंडातून निघून गेलं. उद्धटपणा करायचा नव्हता, खरं तेच होतं. आक्का एक दिवसाआड दुपारी शाळेत येऊन बसायच्या, गड्याही यायचा, पण आदल्या शनिवारखेरीज वर्गात त्यानं काही केलं नव्हतं. साहेब शेरेबुकात 'हजेरीपत्रके चोख. स्वच्छतेकडे लक्ष द्यावे' असं लिहून गेले. पण माझ्या डोक्यात मात्र तेच घोळत राहिलं. फक्त शनिवारी का? कुत्र्याला वार कुठून कळतो?

घरी येऊन मी वही काढली आणि आणखी एक रकाना आखला: भुई. आणि प्रत्येक नोंदीपुढं आठवून आठवून लिहिलं. सडा घातलेलं अंगण. त्या सकाळी सारवलेलं माजघर. टपालकचेरीचा ओटा, तोही आदल्या दिवशी सारवलेला. चौथीचा वर्ग. वाण्याच्या दुकानात शहाबादी फरशी, तिथं तो तासन्‌तास बसायचा, कधीच काही नाही. पिठाच्या गिरणीत दगड, नाही. दवाखान्यात कोबा, नाही. एकच नोंद बसेना. माजघराच्या कोपऱ्यातल्या पोत्यावर त्यानं एकी केली होती. मग आठवलं की ते पोतं म्हणजे माझं सारवायचं पोतेरंच होतं, वाळत टाकलेलं.

इतकं लिहून झाल्यावर मला स्वयंपाक सुचेना. एवढ्या वर्षांत एखाद्या मुलाचं गणित कुठं चुकतंय ते सापडल्यावर जो आनंद होतो, तोच. पण खात्री करायची होती. रविवारी मी माजघर दोन भागांत सारवलं. दाराकडची अर्धी बाजू पांढऱ्या मातीनं, मागची अर्धी नेहमीसारखी शेणानं. मधे खडूनं रेघ. यजमान कपबशी घेऊन उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले की सर्कशीला तिकीट तरी लावायचं होतं. गड्याला सोडलं. तो पांढऱ्या मातीवरून सरळ चालत गेला, रेघेपाशी थांबला, पलीकडे नाक लावलं, आणि पलीकडे जाऊन बसला. यजमानांनी चहा खाली ठेवला.

मी राख घेऊन पुढं झाले, तेवढ्यात मागून आक्का म्हणाल्या, "आता ह्यात नवल काय? गोठ्यातच करायचं शिकवलंय म्या त्येला."

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. पिल्लू असताना तो दारात घाण करायचा. आक्का त्याला उचलून गोठ्यात शेणावर नेऊन ठेवायच्या. परत केलं की परत नेऊन ठेवायच्या. असं महिनाभर. तेव्हापासून सहा-सात वर्षांत त्यानं वस्तीच्या दारात कधी घाण केली नव्हती. शेणाचा वास आला की ती आपली जागा, एवढं तो पक्कं शिकला होता. वस्तीवरच्या घराला पांढरी माती आणि दारापुढं खडी. शेण फक्त गोठ्यात.

"त्यो शिकलेलाच हाय, मास्तरीनबाई," आक्का म्हणाल्या. "तुमीच समदं घर गोठा करून ठिवलंय."

मला मास्तरीनबाई म्हणायची त्यांची चेष्टा होती, पण त्या दिवशी ती लागली. दोन आठवडे मी एका शिकलेल्या विद्यार्थ्याला नापास करत होते. आणि त्याहून गंमत म्हणजे दर चुकीनंतर आम्हीच त्याला जागा पुन्हा दाखवून देत होतो, ताजी करून.

मग आक्कांनी हे आधी का सांगितलं नाही? विचारलं. त्या म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरची भुई कशी सारवावी हे पाव्हण्यानं सांगत न्हाईत.

घराचं कोडं सुटलं, पण अंगणाचं तसंच. मी आमच्या घरात पांढरी माती वापरू शकत होते. परसात उकिरड्याच्या कडेला हातभर जागा रोज शेणानं सारवायला सुरुवातही केली, त्याच्यासाठी, आणि दुसऱ्याच दिवसापासून तो तिथं जाऊ लागला. पण साखरपुड्याच्या अंगणात शेण घालू नका असं मी घरमालकीणबाईंना कुठल्या तोंडानं सांगणार? शुभकार्याला सारवलेलं अंगण हवंच. गड्याला त्या दिवशी रानात बांधून ठेवावं तर तो दाव्यानं कधी बांधलाच गेला नव्हता. पहिल्याच आठवड्यात ओसरीवर बांधला तेव्हा त्यानं दावं कुरतडून आक्कांना गाठलं होतं.

दोन दिवस मी ह्यावर विचार करत होते. मग सारवता सारवता एक प्रश्न सुचला आणि तो मी आक्कांना विचारला. वस्तीवर खळं असणार. बाजरी मळायच्या आधी खळं शेणानं सारवतात. मग खळ्यात तो घाण करायचा का?

"छ्या," आक्का म्हणाल्या. "खळ्यात मी निजायची राखनीला. त्यो माझ्या उशाला. भाकर बी तिथंच खायचा. जिथं निजायचं आन्‌ जिथं खायचं तिथं कुनी घान करतं व्हय?"

आमच्या घरात तो निजत नव्हता. ओसरीवर निजायचा. खात नव्हता. परसात खायचा. आम्ही त्याला आत येऊ देत होतो ते आक्कांच्या मागे, पाहुण्यासारखं. म्हणजे आतली भुई त्याच्या लेखी कुणाचीच नव्हती.

त्याच दिवशी मी एक गोष्ट केली जी माझ्या सासूबाई असत्या तर झाली नसती. आक्कांच्या अंथरुणाशेजारी, माजघरात, गड्याचं घोंगडं घातलं आणि त्याची भाकरी तिथं ठेवली. तो आधी खाईना. उंबऱ्याबाहेर उभा राहून आक्कांकडे बघत राहिला, त्याला वाटलं असावं की काहीतरी चुकतंय. आक्कांनी डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून भुईवर ठेवला तेव्हा आला. चार दिवसांनी मी माजघर मुद्दाम शेणानं सारवलं. तो आला, हुंगलं, घोंगड्यावर जाऊन पडला, आणि परसात जायची वेळ झाली तेव्हा परसात गेला. वहीत मी त्या नोंदीखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

साखरपुडा दोन दिवसांवर आला होता. मी घरमालकीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, वही दाखवून. त्या पाट्यावर खोबरं वाटत होत्या. माझं म्हणणं एवढंच की अंगण सारवून झालं की आक्का आणि गड्या दुपारभर तिथं बसतील, तिथं जेवतील, थोडं निजतील. त्या वाटत राहिल्या. मला माहीत होतं त्या कशाचा विचार करतायत. कुत्र्याचा नव्हे. शुभकार्याच्या अंगणात आधी कोण बसावं, कोण बसू नये, ह्याचे आमच्याकडे लिहिलेले नियम नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. आक्कांनाही होते. मी घरी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्याच होत्या की त्या अंगणात माझं मेलीचं काय काम, तूच बस त्याच्याजवळ. पण तो माझ्याजवळ निजणार नव्हता.

घरमालकीणबाईंनी 'हो' म्हटलं नाही की 'नाही' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगण सारवून झालं, बोटांच्या सुंदर कमानी उठलेल्या. त्या हात धुऊन आमच्या ओसरीपाशी आल्या आणि माझ्याशी न बोलता सरळ आक्कांना म्हणाल्या, "आक्का, अंगण वाळंस्तवर राखण बसा जरा. कोंबड्या लई पाय उमटवतात. तुमच्या गड्याला बी आणा."

कोंबड्या त्यांनी सकाळीच डालग्याखाली कोंडल्या होत्या. ते आक्कांनाही दिसत होतं.

आक्का उठल्या. घोंगडं घेतलं, अंगणाच्या कोपऱ्यात वाळलेल्या बाजूला पसरलं आणि बसल्या. गड्यानं सगळं अंगण हुंगत एक फेरी मारली. मी खिडकीतून बघत होते, पिशवी हातात. दोन भाकऱ्या मी करून ठेवल्या होत्या, पण त्याआधी घरमालकीणबाईच एक भाकरी घेऊन आल्या आणि कुठं टाकायची ते आक्कांना विचारलं. आक्कांनी अंगणाच्या मधोमध बोट दाखवलं. तो तिथं बसून खाऊन आला आणि आक्कांच्या पायाशी आडवा झाला. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथंच होती.

साखरपुड्याच्या सकाळी मी गाठोड्याकडे बघितलं तर ते खुंटीवर नव्हतं. आक्कांनी ते सोडून तळातलं इरकली लुगडं काढलं होतं, नीट नेसता येईना म्हणून यजमानांना बाहेर घालवून मला हाक मारली. मी निऱ्या करून दिल्या. त्या ओसरीवर बसल्या, अंगणात गेल्या नाहीत. गाठोड्यातलं बाकीचं सामान पाटावर तसंच पसरलेलं होतं. मी ते उचलून फळीवर लावलं.

पाहुणे आले, जाजमावर बसले. सुपारी फुटायची होती. गड्या परसातून आला, कुणी त्याला बघितलं नाही, आणि तो माणसांच्या मधून अंगणाच्या मध्यावर आला. मुलाच्या मामांच्या पुढ्यात थांबला. हुंगलं. गिरकी घेतली.

इथं एक सांगायला हवं. कुत्रं घाण करायच्या आधी गिरकी घेतं, आणि झोपायच्या आधीही गिरकी घेतं. मी महिनाभर बघत होते, पण दोन्हींतला फरक मला आजही पहिल्या गिरकीत ओळखता येत नाही. पदराखाली राखेचा डबा होता. समोर घरमालकीणबाई हळदकुंकवाचं तबक घेऊन उभ्या होत्या. गड्यानं दुसरी गिरकी घेतली. तिसरी घेतली. मग मामांच्या पायावर हनुवटी टेकून पसरला आणि डोळे मिटले.

मामा माळकरी माणूस. त्यांनी वाकून त्याच्या फाटक्या कानाला हात लावला आणि म्हणाले, "माणसाळलंय चांगलं. कुणाचं हाय?"

"आमचंच हाय," घरमालकीणबाई म्हणाल्या, आणि तबक पुढं केलं.

आक्का राहिल्या. प्लास्टर निघालं, हात थोडा वाकडा बसला, पण भाकरी थापता येते. मी मग गावातल्या सारवलेल्या सार्वजनिक जागांची यादी केली आणि एकेक जागा हातावेगळी केली. प्रत्येक ठिकाणी आक्कांनी आणि त्यानं एक दुपार बसायचं, भाकरी खायची, थोडं पडायचं. टपालकचेरीचा ओटा झाला. शाळा झाली, चारही वर्ग, त्यासाठी चार रविवार गेले. चावडीचा ओटा झाला, तिथं तर आता तो पंचांच्या आधी जाऊन बसतो.

मारुतीचं देऊळ तेवढं राहिलं. सभामंडप दर अमावास्येला सारवतात. आक्कांना शनिवारी दर्शनाला जायचं असतं, आणि त्या गेल्या की तो जाणारच, म्हणून त्या पायरीखाली लिंबापाशी उभ्या राहून तिथूनच हात जोडतात. गुरवांना मी विचारलं. ते म्हणाले मंडपात कुत्र्यानं भाकरी खायची म्हणजे पंचांना विचारावं लागेल. पंचांना विचारलं, ते म्हणाले देवळातलं गुरवांना विचारा. तोवर बाहत्तरचा दुष्काळ आला. गावातली गुरं छावणीला गेली, घरमालकांचे बैलही गेले, आणि शेण कुणाच्याच दारात राहिलं नाही. देऊळ वर्षभर सारवलं गेलं नाही. ते वर्ष आक्का नियमानं आत जाऊन आल्या, गड्या मागोमाग, आणि काहीही झालं नाही. दुष्काळातली सोय म्हणून लिहायला ती एवढीच एक माझ्या वहीत आहे.

ह्या वर्षी पाऊस झाला. गुरं परत आली, शेणाच्या पाट्या पुन्हा दारात दिसू लागल्या. काल अमावास्येला सभामंडप सारवला. आज आक्का पुन्हा लिंबापाशी उभ्या होत्या. संध्याकाळी मी यादी काढून बघितली. चावडीच्या खालची ओळ अजून तशीच आहे: देऊळ, एक दुपार, दोन भाकऱ्या. पुढं खूण नाही. उद्या रविवार, सकाळीच गुरवांकडे परत जायचं आहे.